प्रोसेस इम्प्रूव्हमेंटचे कन्सल्टंट बोलवावेत का? उद्यमबागेतल्या एका फौंड्रीचा रिव्ह्यू

आधी रेटिंग सांगून टाकतो म्हणजे घाईतली माणसं मोकळी. पाचपैकी साडेतीन. पहिल्या टप्प्याला साडेचार, दुसऱ्याला दोन, आणि बिलाबद्दल शेवटी बोलू. फर्मचं नाव देणार नाही, इनबॉक्समध्ये येऊन विचारलं तरी देणार नाही, कारण ज्या मॅडमनी आमच्याकडं मनापासून काम केलं त्या अजून तिथंच नोकरीला आहेत आणि ज्यांनी आम्हाला सॉफ्टवेअर गळ्यात मारलं तेही तिथंच आहेत, एकाच्या रागापायी दुसऱ्याच्या पोटावर पाय कशाला. पुण्याची फर्म, एवढं पुरे.

आम्ही म्हणजे बेळगावच्या उद्यमबागेतली छोटी फौंड्री (ओतकामाचा कारखाना) आणि शेजारच्या शेडमध्ये थोडं मशिनिंग. हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या आणि पंपाच्या बॉड्या ओततो, ग्रे आयर्नच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या. मी प्लॅनिंग-डिस्पॅच बघतो, म्हणजे कस्टमरच्या शिव्या पहिल्यांदा माझ्या फोनवर येतात. मशिनिंगचं बरंच काम बाहेर जॉबवर्कला जातं, त्यातलं मोठं शिनोळीला. बाहेरच्यांसाठी सांगतो, शिनोळी वेंगुर्ला रोडवर, बेळगावातून टेम्पोनं फार वेळ लागत नाही, खरं तालुका चंदगड, म्हणजे महाराष्ट्र. आपल्याला गावातल्या गावात गेल्यासारखं वाटतं, पण जीएसटीच्या पोर्टलला ते परराज्य. हे पुढं लागणार आहे, लक्षात ठेवा.

तर दुखणं काय होतं. ऑर्डरी होत्या, पोरं ओव्हरटाइम करत होती, भट्टी रोज पेटत होती आणि तरी माल वेळेत जात नव्हता. पावसाळ्यात तर रिजेक्शन शंभरात आठ-नऊ नगांवर जायचं, कधी त्याच्याही वर. पुण्याच्या एका कस्टमरनं मेलमध्ये सरळ लिहिलं की पुढच्या क्वार्टरला सुधारणा दिसली नाही तर शेड्यूल कमी करू. मालकांचं उत्तर ठरलेलं, अजून एक व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मशिनिंगचं मशीन) घेऊया. बँकेवाला पण तयारच होता. मालकांचा जावई पुण्यात एका मोठ्या कंपनीत आहे, तो म्हणाला मशीन घ्यायच्या आधी एकदा या लोकांना बोलवून बघा, मशीन कुठं पळून जात नाही. म्हणून हे आले.

पहिल्या मीटिंगला सेल्सचे दोघं आले, कोट-टाय, बाहेर उकाडा आणि आमच्या केबिनमधला एसी बंद. दीड तास पीपीटी. टोयोटाचे तैइची ओनो आणि त्यांनी मोजलेली सात प्रकारची नासाडी, मग क्वालिटीवाले अमेरिकन डेमिंग १९५० साली जपानला जाऊन काय शिकवून आले, मग सिक्स सिग्मा, म्हणजे दोष मोजून कमी करायची पद्धत, मोटोरोलात १९८६ ला सुरू झालं, पुढं जीईनं उचललं, दहा लाख संधींमागे फक्त ३.४ दोष. हे सगळं खरंच आहे, त्यात खोटं काही नाही. पण आमचे मोल्डिंगचे मामा (चाळीसेक वर्षं वाळूत हात घातलेला माणूस, मालकांनी मुद्दाम बसवलं होतं) त्यांनी मला कोपर मारून विचारलं, “दहा लाख नग वतायला आमाला किती वर्सं लागतील की वो?” मी म्हटलं मामा, तुमचा नातू रिटायर होईल. हसण्यावारी गेलं पण मुद्दा बरोबर होता, आमच्यासारख्या महिन्याला थोडे-थोडे नग वेगवेगळ्या पॅटर्नचे करणाऱ्याला ती आकडेवारी जशीच्या तशी लागू पडत नाही, आणि हे त्या दोघांपैकी कुणीच बोललं नाही. विकायला आलेला माणूस बोलणारही नाही.

मालक मात्र खूश. आपल्या बेळगावकरांना नवीन टेक्निकचं वेड जुनंच आहे म्हणा, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली याच गावात सायकलचं दुकान काढलं होतं, नांगर आणि किर्लोस्करवाडी पुढची गोष्ट. असो. सही झाली.

आता चांगला भाग, यावर जरा सविस्तर लिहितो कारण पैसे वसूल झाले ते इथंच.

साइटवर कामाला त्यांनी एक मॅडम पाठवल्या, गडहिंग्लजच्या, प्रॉडक्शन इंजिनिअर, वय फार नाही. मराठी तर आमच्यासारखंच, कन्नड पण बऱ्यापैकी समजायचं, त्यामुळं बैलहोंगलकडची पोरं त्यांच्याशी पहिल्या आठवड्यातच बोलायला लागली. पीपीटी नाही, लॅपटॉप पण कमीच. एक वही, एक घड्याळ आणि खडू. त्यांनी काय केलं, एक व्हॉल्व्ह बॉडी पकडली आणि तिच्या मागं लागल्या. म्हणजे कोअर (आत पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवायचा वाळूचा गाभा) बनल्यापासून साचा, ओतकाम, शेकआऊट (साचा फोडून नग काढणं), फेटलिंग (जादाचं लोखंड घासून काढणं), शॉट ब्लास्टिंग (छर्रे मारून सफाई), मग शिनोळी, परत आमच्याकडं, इन्स्पेक्शन, पॅकिंग. प्रत्येक ठिकाणी त्या कास्टिंगवर प्रत्यक्ष हात किती वेळ पडला आणि ते नुसतं पडून किती राहिलं, हे लिहायचं. पहिले काही दिवस लोकांना वाटलं माणसं कमी करायला आलीय. फेटलिंगमधला एकजण तर तोंडावर म्हणाला, “काय लिहूलालासा मॅडम, आमची नावं काय?” त्यांनी वही त्याच्या हातात दिली, बघ म्हणाल्या, कुणाचंच नाव नाही, फक्त नगाचं आहे. तिथून पुढं कुणी आडवं आलं नाही.

हिशोब निघाला तो असा की बॉडी थंड व्हायला लागणारी रात्र धरली तरी सगळं मिळून काम दोन दिवसांच्या आत बसतं, आणि प्रत्यक्षात ती बॉडी आमच्याकडून निघायला जवळजवळ महिना घेते. बाकीचा वेळ ती कुठंतरी ढिगात असते. मालकांचा विश्वास बसेना, एकाच नगाचं धरून काय सांगता म्हणाले. तेव्हा मॅडमनी आम्हाला सगळ्यांना घेऊन शेडमध्ये आणि शिनोळीत पडलेला सगळा माल मोजायला लावला, साधारण अडीच हजार नग निघाले, आणि आमचा रोजचा डिस्पॅच सरासरी शंभर. भागा म्हणाल्या. पंचवीस. म्हणजे आज साच्यात ओतलेला नग पंचवीस कामाच्या दिवसांनी बाहेर पडणार, तुम्ही कितीही पळापळ करा. हे गणित लिटल नावाच्या माणसानं १९६१ साली सिद्ध केलेलं आहे म्हणे, आत अडकलेला माल भागिले बाहेर जायचा वेग. शाळेतल्या पोराला जमेल असा भागाकार, आणि आमच्या इतक्या वर्षांच्या धंद्यात तो कुणी करून बघितला नव्हता. नवीन व्हीएमसीचा विषय त्या दिवशी तिथंच संपला, कारण ढीग मशीनपुढं नव्हताच.

ढीग होता कुठं? मोठा ढीग फेटलिंगनंतर, शिनोळीला जायच्या आधी. का? कारण टेम्पो भरल्याशिवाय पाठवायचा नाही असा नियम. नियम कुणी केला? कुणीच नाही, डिझेल वाचतं म्हणून पडलेली सवय. आणि दुसरं कारण ई-वे बिल, म्हणजे माल गाडीनं न्यायचा जीएसटीचा ऑनलाइन कागद. आता इथं सीमेवरच्या सगळ्यांनी नीट वाचा. एरवी पन्नास हजारांच्या वरच्या मालाला ई-वे बिल लागतं, पण जॉबवर्कचा माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पाठवायचा असेल तर किंमत कितीही असो, तीन हजाराचा असला तरी, ई-वे बिल लागतंच. एवढासा माल उद्यमबागेतून मच्छेला (कर्नाटकातच) पाठवला तर भानगड नाही, शिनोळीला पाठवला तर आहे. आमच्याकडं ई-वे बिल काढायचा लॉगिन एकट्या अकौंटंटकडं, ते येणार दहाला, मग चहा, मग बँक, म्हणजे टेम्पो निघणार बारा-साडेबाराला, शिनोळीत जेवणाची सुट्टी, माल उतरणार तीनला. मग रोज कशाला हा ताप, आठवड्यातून दोनदा भरून पाठवू. अशी ती गाठ बसली होती.

सोडवली कशी तर स्टोअरच्या पोराला पोर्टलवर सब-युजर करून दिला (ही सोय पोर्टलवर आधीपासून आहे, फुकट आहे), बिलाचा पार्ट ए, म्हणजे मालाची माहिती, आदल्या संध्याकाळी भरून ठेवायचा, सकाळी गाडी लागली की मोबाइलवरून गाडीनंबर टाकून पार्ट बी. डिलिव्हरी चलनाच्या तीन कॉप्या पण संध्याकाळीच तयार, एक जॉबवर्करची, एक ट्रान्सपोर्टची, एक आपली. मोठ्या टेम्पोऐवजी छोटा हत्ती, रोज, सकाळी आठला. मालकांनी डिझेलचा हिशोब काढला, रोजची फेरी म्हणजे महिन्याला एवढे जादा. मॅडम म्हणाल्या, काढा, पण शेजारी रिजेक्शनचा पण काढा.

आणि हा रिजेक्शनचा धागा खरा बघण्यासारखा आहे. मला आजवर वाटायचं डिलिव्हरी वेगळा प्रॉब्लेम आणि क्वालिटी वेगळा प्रॉब्लेम, दोघांचे साहेब पण वेगळे. ब्लो होल, म्हणजे वाफेनं-गॅसनं आत पडलेलं भोक, वरून दिसत नाही, कास्टिंग बाहेरून गुळगुळीत असतं, शिनोळीत मशीनवर एक कट मारला की आत भोक उघडं पडतं. मग तिकडून फोन, अण्णा तुमच्या बॉडीला भोकं आलीत. पण तो नग ओतून झालेत पंधरा-वीस दिवस, त्या दिवशी वाळू कशी होती, कोअर कुणी केला, पाऊस होता की नव्हता, कुणाला काय आठवणार? मग मीटिंग, मोल्डिंगवाले म्हणणार कोअर खराब, कोअरवाले म्हणणार वाळू ओली, भट्टीवाले म्हणणार आमचं टेंपरेचर बरोबर. चहा पिऊन सगळे उठले. दर पावसाळ्यात हेच.

रोज माल शिनोळीला जायला लागला तसं भोक दोन-तीन दिवसात कळायला लागलं. वर मॅडमनी प्रत्येक साच्याच्या नगावर ओतायच्या तारखेचा आणि कोअर कधीचा त्याचा खडूनं नंबर टाकायला लावला, पुढं तो पेंटनं झाला. थोड्या दिवसात चित्र स्पष्ट. ताज्या कोअरच्या बॉड्या बहुतेक ठीक, आणि चार-पाच दिवस रॅकवर बसलेल्या कोअरच्या बॉड्या भोकांनी भरलेल्या. आमचे कोअर वाळूत सोडियम सिलिकेट घालून सीओटू गॅसनं कडक केलेले, ते दमट हवेत ओल धरतात, आणि जुलैतलं बेळगाव तुम्हाला माहीत आहे, आठ-आठ दिवस उन्हाचं तोंड दिसत नाही. ओला कोअर, वर चौदाशे डिग्रीच्या आसपासचं लोखंड, वाफ जाणार कुठं?

मग पुढचा का. कोअर चार-पाच दिवस आधी करून ठेवतातच का? कोअर शॉपमधल्या अक्का म्हणाल्या, “आमाला नगावर पैसे हाईत की बाळ, एका पेटीला बसलं की शंभर-दोनशे करूनच उठायचं, पेटी बदलत बसलं तर आमचा रोज बुडतो.” झालं. पीस रेट आमचा, ठरवलेला ऑफिसनं, ठेकेदाराला सोपं म्हणून. त्या रेटामुळं कोअर जास्त बनायचे, जास्त बनल्यामुळं पडून राहायचे, पडल्यामुळं ओल धरायचे, आणि त्याची भोकं शिनोळीत उघडी व्हायची, त्या मशिनिंगचे पैसे पण आम्हीच भरायचो. ओनोसाहेबांच्या सात नासाड्यांत गरजेपेक्षा जास्त बनवणं ही सगळ्यात वाईट का म्हणतात ते पीपीटीत दीड तास बघून कळलं नव्हतं, अक्कांच्या एका वाक्यात कळलं. आता कोअर शॉपला दिवसाचा रोज ठरलाय, वर उद्या जेवढे ओतायचे तेवढेच कोअर वेळेत दिले तर बोनस. ठेकेदार महिनाभर फुगून होता. पेटी (ज्यात कोअर पाडतात तो साचा) बदलायचा वेळ कमी करायला पेट्या कोअर बेंचच्या शेजारच्या मांडणीवर आणल्या, आधी त्या पॅटर्न शॉपच्या माळ्यावर असायच्या आणि चावी फोरमनकडं.

गंमत अशी की मोल्डिंगचे मामा हे वर्षानुवर्षं सांगत होते, शिळा कोअर घालू नका म्हणून. कुणी ऐकलं नाही कारण मामांच्याकडं आकडा नव्हता. मामा वाळू मुठीत दाबून, मोडून सांगतात पाणी जास्त का कमी, आणि आता आम्ही मॉइश्चर टेस्टर घेतलाय तर मामांची मूठ आणि टेस्टर बहुतेक वेळा जुळतात. मॅडमनी हे रिपोर्टमध्ये मामांच्या नावानं लिहिलं. फीचा मला तरी हा एक मुद्दा पटला. बाहेरच्या माणसाचं ऐकलं जातं म्हणून बाहेरचा माणूस लागतो, आवडो न आवडो.

रिजेक्शन त्या पावसाळ्यात निम्म्यावर आलं. शून्यावर नाही, निम्म्यावर. वाळूची बाकीची कारणं अजून आहेतच, नवीन वाळू उघड्यावर पडते, शेडचं काम मालक दिवाळीनंतर करू म्हणतायत, कुठली दिवाळी ते सांगितलेलं नाही.

मशीनवर एका नगाचा सेटअप काढून दुसऱ्याचा लावायच्या वेळेवर पण काम झालं. शिगेओ शिंगो यांची पद्धत, मशीन चालू असतानाच पुढची तयारी करून ठेवायची आणि बंद असताना फक्त तेवढंच करायचं जे बंद केल्याशिवाय होत नाही, टार्गेट दहा मिनिटांच्या आत. आमचं दीड-पावणेदोन तासांवरून चाळीस-पंचेचाळीस मिनिटांवर आलंय. दहा मिनिटं आमच्या जन्मात होणार नाहीत, फिक्श्चरच तसली आहेत. पण मोबाइलवर शूटिंग करून ऑपरेटरलाच दाखवलं तेव्हा कळलं की निम्मा वेळ माणूस पाना आणि इन्सर्ट (कापायच्या टूलचं बदलायचं टोक) शोधत फिरतोय. त्यालाच हसू आलं. शूटिंगच्या आधी मात्र विचारून घ्या, आमच्याकडं एकाशी न विचारता शूटिंग केल्यावरून चांगलीच वादावादी झाली आणि ती मिटवायला मला जावं लागलं.

फाइव्ह एस, म्हणजे जागा आवरून नीट लावून ठेवायची जपानी पद्धत, त्याबद्दल थोडक्यात. पिवळे पट्टे मारले, अवजारांचे आकार काढलेले बोर्ड लावले, फोटो काढले. गणपतीपर्यंत छान होतं. आपल्याकडं खंडेनवमीला मशीन धुऊन पुसून, हार घालून पूजा करायची पद्धत आहे, त्या दिवशी शेड जेवढी लखलखीत असते तेवढी कुठल्याच ऑडिटला बघितली नाही. ते वर्षभर टिकवायला रोज कुणीतरी दहा मिनिटं द्यावी लागतात आणि त्या दहा मिनिटांचा पगार कुणाच्या खात्यावर हे ठरवलं नाही तर पट्ट्यांवर परत स्क्रॅप पडतंच. आमच्या फेटलिंगमध्ये पडलंय. मशीन शॉपमध्ये टिकलंय, कारण तिथल्या सुपरवायझरला स्वतःलाच पसारा चालत नाही.

आता दुसरा टप्पा, दोन स्टार कशाला ते.

पहिल्या टप्प्याचा रिझल्ट बघून मालक पाघळले, आणि परत ते कोट-टायवाले आले. डिजिटल ट्रान्सफॉर्मेशन. प्रत्येक मशीनपाशी टॅब, ऑपरेटरनं दर तासाला प्रॉडक्शन भरायचं, मालकांना घरी बसून डॅशबोर्ड, लाल-हिरवे दिवे. ऐकायला झकास. प्रत्यक्षात हाताला तेल-वाळू लागलेला माणूस दर तासाला काचेवर बोटं फिरवणार आहे का? शिफ्ट संपताना सगळं एका दमात भरायचे, आठही तासांचे आकडे सारखेच. मालक घरी हिरवे दिवे बघून खूश आणि मला इकडं कस्टमरचा फोन. फौंड्रीत तर टॅब पंधरवड्यात धुळीनं गेला, आता तिथं पुन्हा खडू-फळा आहे आणि तो फळा बरोबर असतो. आम्ही आधी फळ्यावर नीट लिहायला शिकलो असतो आणि मग वर्षानं टॅब आणला असता तर कदाचित चाललं असतं, हे मॅडमनी त्यांच्याच साहेबांना माझ्यासमोर सांगितलं. साहेब म्हणाले स्कोपमध्ये आहे.

दुसरं, कायझेनचं, म्हणजे छोट्या-छोट्या सुधारणांचं टार्गेट. प्रत्येक कामगारानं महिन्याला दोन सूचना द्यायच्याच. पहिल्या महिन्यात खरोखर चांगल्या आल्या, लॅडलचा स्टँड जवळ घ्या, शॉट ब्लास्टच्या दाराला हँडल उलट्या बाजूनं लावा, असल्या. तिसऱ्या महिन्यापासून पाण्याचा माठ इकडून तिकडं, चौथ्या महिन्यात तोच माठ तिकडून इकडं. दोन्ही सूचना रजिस्टरला मंजूर आहेत, हवं तर येऊन बघा.

तिसरं, फायनल रिपोर्ट. जाडजूड, स्पायरल बाइंडिंग, सगळं इंग्रजी. आमच्या शेडमध्ये खानापूरकडची मराठी माणसं, बैलहोंगल-सौंदत्तीकडची कन्नड माणसं आणि भट्टीवर बिहारची पोरं, यातला कुणीही तो रिपोर्ट वाचणार नाही. कामाच्या सूचना तरी चित्रं काढून आणि दोन-तीन भाषांत लावून द्या म्हटलं तर जादा चार्ज सांगितला. मग आम्हीच केलं, फोटो काढून, खाली मराठी-कन्नड-हिंदी. आणि रिपोर्टच्या मधल्या एका पानावर दुसऱ्याच कुठल्यातरी कंपनीचं नाव राहिलं होतं, बाटल्या भरायच्या लाइनबद्दल काहीतरी. फौंड्रीत बाटल्या. मालकांना दाखवलं नाही, उगाच बीपी वाढायचं.

मालकांवरून आठवलं. मॅडमनी नगासारखाच एक कागद पण ट्रॅक केला होता, पाचशे-हजार रुपयांच्या खरेदीचा. इन्सर्ट संपले, स्टोअरनं चिठ्ठी केली, फोरमनची सही, माझी सही, परचेसची सही, आणि मग मालकांच्या टेबलावर. मालक लग्नाला संकेश्वरला, मग निपाणीला कुणाकडं तरी बसायला, मग रविवार. चार दिवस मशीन बिन-इन्सर्टचं. हे फायनल मीटिंगला पडद्यावर दाखवलं तेव्हा केबिनमध्ये एवढी शांतता की बाहेरचा कंप्रेसर ऐकू येत होता. मालक म्हणाले, “मग मी काय करू, घरी बसू?” कुणीच काही बोलेना, शेवटी अकौंटंट म्हणाले, घरी नको मालक, पाच हजारांपर्यंतचं आमच्यावर सोडा. सोडलं त्यांनी. आता आठवड्याला एकदा लिस्ट बघतात आणि एकेका स्क्रूचा जाब विचारतात, पण नंतर विचारतात, मशीन थांबत नाही. आयुष्यभर एकेक रुपया मोजून शेड उभी केलेल्या माणसाला हे सोपं नव्हतं, हे पण लिहायला पाहिजे.

बिल. आकडा टाकत नाही, पण एका चांगल्या सेकंडहँड सीएनसीच्या डाऊन पेमेंटएवढा धरा, वर अठरा टक्के जीएसटी (क्रेडिट मिळतं, तरी पैसे आधी जातातच), वर येण्याजाण्याचा आणि हॉटेलचा खर्च वेगळा. हॉटेल कसलं पाहिजे याच्यावरून पण एक मेलामेली झाली, ती सोडा.

आणि ज्याच्यावर माझा खरा राग आहे ते हे. केंद्र सरकारची छोट्या-मध्यम उद्योगांसाठी एमएसएमई कॉम्पिटिटिव्ह लीन स्कीम (लीन म्हणजे हेच, नासाडी कमी करणं) म्हणून योजना आहे, मार्च २०२३ मध्ये नव्या रूपात आली, बेसिक, इंटरमीजिएट, अ‍ॅडव्हान्स्ड अशा तीन पायऱ्या, आणि कन्सल्टंटच्या हँडहोल्डिंगच्या खर्चातला नव्वद टक्के वाटा सरकार उचलतं. उद्यम रजिस्ट्रेशन पाहिजे, ते तर आपल्या सगळ्यांकडं असतंच. झेड (झिरो डिफेक्ट, झिरो इफेक्ट) सर्टिफिकेशनची वेगळी योजना आहे, ब्राँझ-सिल्व्हर-गोल्ड, त्यात मायक्रो युनिटला फीमध्ये ऐंशी टक्के सूट, स्मॉलला साठ, मीडियमला पन्नास. या धंद्यात राहणाऱ्या फर्मला हे माहीत नसेल? सगळी बिलं भागल्यावर आम्हाला एका सीएकडून कळलं. सही करायच्या आधी तुम्ही एवढा एक प्रश्न विचारा, आम्ही लीन स्कीममध्ये बसतो का, आणि उत्तर लेखी घ्या.

कुणी ही सर्व्हिस घ्यावी? ज्यांचा माल चार हातांतून, दोन गावांतून फिरतो आणि कुठं अडकतो ते कुणालाच धड सांगता येत नाही, त्यांनी घ्यावी, पण फक्त पहिला टप्पा, आणि करारात लिहून घ्यावं की साइटवर कोण माणूस येणार, नावासकट, तो बदलला तर आम्ही थांबवू शकतो. सेल्सवाल्यांवर जाऊ नका, जो वही घेऊन शेडमध्ये उभा राहणार त्याला आधी भेटा. आपला एक माणूस पूर्णवेळ त्यांच्याबरोबर द्या, आमच्याकडं स्टोअरचं तेच पोरगं दिलं होतं, आज मॅडम नसताना ढीग मोजायचं काम तेच करतं, दर सोमवारी, आणि अडीच हजाराचा आकडा आता अकराशे-बाराशेच्या आसपास फिरतो. ज्यांच्याकडं पाच-सात माणसं आहेत आणि मालक स्वतः मशीनवर उभा असतो त्यांनी पैसे घालवू नयेत, एक नग पकडा आणि त्याच्या मागं स्वतः फिरा, खडूला किती पैसे लागतात. आणि ज्यांना नुसतं कस्टमरच्या ऑडिटसाठी भिंतीवर काहीतरी लावायला पाहिजे त्यांना सर्टिफिकेटवाले वेगळे मिळतात, स्वस्तात.

गेल्या महिन्यात रिन्यूअलसाठी फोन आला होता. मी म्हटलं मॅडमना महिन्यातून एक दिवस पाठवा, त्या दिवसाचे पैसे देतो, टॅब-बिब काही नको. आमच्या पॅकेजमध्ये तसं बसत नाही म्हणाले. मालक म्हणतायत आता स्कीममधूनच अर्ज करू, त्यातनं कोण येतंय बघू. शिनोळीच्या जॉबवर्करनंही चौकशी केलीय, त्यांची शेड महाराष्ट्रात असली तरी योजना केंद्राची आहे म्हणून मी त्यांना फॉर्मची लिंक पाठवून दिली. कुणाला अजून काही विचारायचं असेल तर विचारा, फक्त नाव सोडून.